गव्याची जागा

“गो सुने, उबी काय ऱ्हवलंस माडाक धरून? दोराक हात लाव! हात लागलो तेचो वाटो!”

होडीचा म्होरक्या महादू तांडेल, त्याचा हा आवाज किशोरीच्या कानात अजून तसाच आहे. मिठाने खरखरीत झालेला, वाऱ्याच्या छातीत शिरून पार शेवटच्या माडापर्यंत पोचणारा. तेव्हा लग्नाचा हिरवा चुडा अजून तिच्या हातात होता. नवरा आदल्याच दिवशी एस्टीत बसून मुंबईला, नेव्हीतल्या नोकरीवर, परत गेलेला. आणि समोर कुरलेवाडीच्या किनाऱ्यावर रापण लागलेली. होडीने समुद्रात अर्धगोल फिरून जाळं सोडलेलं, जाळ्याची दोन टोकं दोन दोरांनी वाळूवर आणलेली आणि त्या दोरांना अख्खी वाडी लटकलेली. म्हातारेकोतारे, बाया, शाळा बुडवलेली पोरं, सगळी.

रापणीचा कायदा कुणी कधी लिहिला नाही. ज्याचा जाळ्यात तुकडा, त्याचं नाव. ज्याचा दोराला हात, त्याचा वाटा. लवू तोडणकराचा जाळ्यातला तुकडा बापापासून चालत आलेला, पण त्याचा हात दूर बोटीवर. म्हणून तांडेलाने सुनेचा हात मागितला, आणि सुनेने दिला. चुड्यातल्या दोन बांगड्या त्या दिवशीच फुटल्या. संध्याकाळी लवूच्या नावाचे बांगडे तिच्या पाटीत पडले.

मग ते रोजचंच झालं. बाया दोर ओढताना गायच्या, त्यातलं एक गाणं तिच्यावरूनच जुळलं:

हात देवा दोराक, हो हो,
दर्यो येता दाराक, हो हो,
घोव गेलो दूर, हो हो,
दोराक नाय कसूर, हो हो.

ती हसायची आणि जास्त जोराने ओढायची.

लवू ज्या बोटीवर होता तिचं नाव आयएनएस गवय. लवू तिला गवो, म्हणजे गवा, म्हणायचा, जणू गोठ्यातला बैलच. रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी बोट. बाकीच्या बोटी बंदर शोधतात, ही वाळू शोधायची. तळ ताटासारखा सपाट, त्यामुळे उथळ पाण्यात शिरायची, सरळ किनाऱ्यावर चढायची, पुढचं तोंड उघडायची आणि जीभ बाहेर टाकावी तसा लोखंडी पूल वाळूवर टाकायची. रणगाडे गडगडत खाली. काम झालं की येताना मागे खोल पाण्यात सोडून ठेवलेल्या नांगराची तार गुंडाळत गुंडाळत, आपणच आपल्याला ओढत, मागे सरकायची.

“म्हंजे तीय रापणच ओढता,” किशोरी पहिल्यांदा ऐकून म्हणाली होती.

“ओढता. पण देशाची,” लवू म्हणाला होता, आणि ताटातला बांगडा तसाच थंड झाला होता.

रजेवर आला की तो जेवताना बोटीचं बोलायचा, विहिरीवर बोटीचं बोलायचा, झोपेतसुद्धा कुणाला तरी नांगर टाकायला सांगायचा. सपाट तळाची बोट डुलते फार, सुपात पाखडल्यासारखी माणसं इकडून तिकडे. त्यामुळे घरी आल्यावर पहिले काही दिवस त्याला जमीनच हलतेय असं वाटायचं. ओसरीच्या खांबाला हात लावून बसायचा. किशोरीला ते बघून माया यायची. खांब तरी धरतोय, असं वाटायचं.

गवयची सगळी नोकरी किशोरीला पाठ होती, पण तिच्या आपल्या खुणांनी. मुलगा विनीत रांगायला लागला तेव्हा गवय लंकेच्या वाटेवर जवान नेत होती. सासू गेली तेव्हा गवय अंदमानात सिमेंट उतरवत होती, आणि अग्नी पुतण्याने दिला. घराचं छप्पर उडालं त्या पावसाळ्यात गवय ओडिशात वादळग्रस्तांना तांदूळ वाटत होती. त्याच आठवड्यात किशोरी शेजारणीकडून पायलीभर तांदूळ मागून आणत होती. त्सुनामी आली तेव्हा गवय निकोबारच्या मोडक्या किनाऱ्यावर तोंड उघडून उभी राहिली, आणि माणसं तिच्या पोटात शिरली, कोंबड्या काखेत घेऊन, शिलाईची मशिनं डोक्यावर घेऊन. लवूने सांगितलं तेव्हा किशोरी रडली होती. बोट चांगलीच होती. कुणी बुडतंय तिथे जायची. फक्त कुरलेवाडीच्या किनाऱ्याला तिचा कधी सपाट तळ लागला नाही.

लवूची पहिली मुदत लंकेच्या धामधुमीनंतर संपणार होती. महादू तांडेल म्हातारा झालेला. त्याने साऱ्या किनाऱ्याला सांगून ठेवलं होतं, “लवू येतलो. माज्या मागसून होडी तोच चलवतलो.” किशोरीने भिंतींना चुना दिला. परसात त्याच्यासाठी न्हाणीघर बांधून घेतलं, दोरावरच्या वाट्यातून. लवू आला तो लहान पिशवी घेऊन. ती पिशवी बघूनच तिला कळलं. नोकरी सोडून येणारा माणूस पेटी घेऊन येतो.

“सोडूक तयार नाय गो,” लवू म्हणाला. “बोटीर माणसां कमी. हुकूम इलो, ऱ्हव म्हणान.”

“हुकूम म्हटल्यार तो तरी काय करतलो?” महादू तांडेल म्हणाला आणि समुद्राकडे तोंड करून बसला.

हुकूम. हा शब्द किशोरीने मग पदरात बांधून घेतला. कुणी विचारलं, “घोव कदी येतलो गो?” की ती मान वर करून सांगायची, “हुकूम आसा.” दोराने तळहात सोलवटला, मिठाचं पाणी त्यात चुरचुरलं, की मनात म्हणायची, तिकडे त्याला हुकूम, इकडे मला दोर. दोघं एकाच कामावर आहोत.

काही वर्षांनी वेंगुर्ल्याचे दत्तप्रसाद परब घरी आले. लवूचे बोटीवरचे दोस्त, नोकरी संपवून आलेले. दिलखुलास माणूस. ओसरीवर जेवायला बसले, कालवणाचा भुरका मारला आणि हसत हसत म्हणाले, “वैनी, तुमचो घोव म्हंजे येडो माणूस! आमच्याबरोबर तेचीय पयली मुदत संपलेली. कमांडरान बोलवन सांगितल्यान, तोडणकर, घराक जा, बायल वाट बघता असतली. तर ह्यो म्हणता, साहेब, गव्याक सोडून माका जाववना नाय. उलटो तेणाच मागून घेतल्यान! आमी सगळे हसलंव.”

किशोरी वाढत होती. तिने भातवाढी खाली ठेवली नाही. “आजून भात घालू, भावजी?” एवढंच म्हणाली.

त्या दिवसानंतर ‘हुकूम’ हा शब्द तिने कधी उच्चारला नाही. लवूलाही काही विचारलं नाही. विचारून काय मिळणार होतं? वाडीत सगळ्यांना तोंड दाखवायला तिच्याकडे तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती खोटी निघाली हे सांगायला ती कुणाकडे जाणार? दुसऱ्या दिवशी रापण लागली. ती गेली. ओढताना बायांनी तेच गाणं म्हटलं. ती गायली नाही, एवढंच. कुणाच्या लक्षात आलं नाही.

लवू निवृत्त होऊन आला तेव्हा गुडघे गेलेले. दोर ओढणं त्याला जमेना, जमवावंसंही वाटेना. तो बंधाऱ्यावर बसून रापण बघायचा. पण वाडीची बैठक बसली की वाट्याचा माणूस म्हणून पुढे तोच. नाव त्याचं होतं ना.

आणि आता गवयही निवृत्त झाली.

विनीतने मोबाईलवर बातमी वाचून दाखवली. भंगारात तोडण्यापेक्षा बोट सिंधुदुर्गाच्या समुद्रात बुडवणार, तिच्यावर प्रवाळ वाढेल, मासे राहतील, पर्यटक पाणबुड्यांसारखे खाली जाऊन बघतील. विनीतच्या स्वतःच्या दोन पर्यटक होड्या, घरामागे बांधलेल्या तीन खोल्या. त्याचे डोळे चमकत होते. लवू तर उठून उभाच राहिला.

“गवो आपल्या दारात येता गो!” तो म्हणाला. “आख्खो जल्म मी तेच्या दारात ऱ्हवलंय, आता तो माज्या दारात!”

किशोरी म्हणाली, “येवंदे.” खरंच तिला काही वाटलं नाही. जागा तेव्हा लांब होती, खडपांच्या, पाण्यातल्या खडकांच्या, पलीकडे, खोल पाण्यात. तिथे कुरलेवाडीचं जाळं कधी जात नाही.

दोन महिन्यांनी नवा नकाशा आला. खोल पाण्यात नवखे पर्यटक घाबरतात, होडीला वेळ लागतो, म्हणून जागा अलीकडे आणली होती. बरोब्बर कुरलेवाडीच्या समोर, स्वच्छ वाळूच्या तळावर. बोटीभोवती एक गोल. त्या गोलात जाळं टाकायचं नाही, कायमचं.

रापण वाळूवरच चालते. खडपात जाळं फाटतं. वाडीला वाळूचा एवढाच एक तुकडा होता.

महादू तांडेलाचा नातू दत्ताराम आता रापणीचा म्होरक्या. तो किनाऱ्यावर जाळं शिवणाऱ्या बायांपाशी येऊन बसला. “काकी, गोल काढल्यानी बघ. कागदार केवढो? बांगडीएवढो. हयसर मात्र आमचो अर्धो दर्यो त्यात गेलो.”

शेजारची स्वप्ना दोरा दाताने तोडत म्हणाली, “किशोरीवैनी, सवत येता गो तुजी! एवढी वर्सां लांब होती, आता दारात बांधतले तिका!”

बाया हसल्या. किशोरीही हसली, पण हसू ओठांवरच सुकलं. “सवत दारात येवची तर येवंदे,” ती म्हणाली. “ती चुलीर कित्या बसता?”

“मोटे मशिनवाले भायरच्या भायर मासळी उचलून नेतत,” दत्ताराम म्हणाला, “दिवे लावन नेतत, तेंका कोण गोल काढीत नाय. आमच्या चार बांगड्यांका गोल.”

“मगे नाय म्हणा.”

दत्तारामने मान खाली घातली. “म्हणाक होया. प्रकल्पाच्या साहेबांनी सांगितल्यानी, रापणीची संमती इल्याशिवाय बोट बुडवणार नाय. पण रीत तुका ठावक आसा.”

ठाऊक होती. रापणीत मोठा निर्णय असला की जुना दोर वाळूवर आडवा ठेवतात. एका वाट्याचा एक हात त्यावर. म्होरक्या मोठ्याने विचारतो. सगळे हात दोरावर राहिले तर होय. एक जरी हात उचलला गेला तर नाही, बोट परत खडपापलीकडे. पण तो एक हात उचलायचा कुणी? अर्ध्या घरांतली पोरं विनीतच्या होड्यांवर कामाला. आणि लवूकाका तर बोटीचा माणूस, मेडलवाला.

“काकांचो हात पडलो,” दत्ताराम म्हणाला, “की बाकीचे मुकाट पडतले. तेंच्या फुडे कोण उचलतलो? काकी, तू तरी सांगून बघ तेंका.”

तिने सांगून बघितलं. लवू पांढरा शर्ट खाटेवर पसरून त्याला मेडलं लावत होता.

“ती जागा रापणीची,” ती म्हणाली. “खडपाच्या भायर बुडवा म्हणान सांगा तुमी. तुमचा ऐकतले.”

“अगो, भायर काळोखी पाणी. कोण जातलो बघूक तेका?” लवूने मेडल तिरकं झालं म्हणून परत काढलं. “त्या बोटीन कायकाय बघलेला आसा. तिका अशी फेकून देवची? दर्यात पडलेल्या डब्यासारकी?”

“नि आमी? आमी खंय जावचा?”

“रापणीत आता काय ऱ्हवला गो? प्लास्टिक येता.”

दारातून विनीत म्हणाला, “आये, खरा ताच. परवा तुमका काय गावला? एक पाटी तारली नि तीन पोती कचरो. हयसर बोट इली तर प्रत्येक घरात चार पैसे येतले.”

“त्या तारलीर तुजी शाळा झाली रे,” किशोरी म्हणाली. तिच्या जिभेवर पुढचंही आलं होतं. तिने लवूकडे पाहिलं. तो मेडलावर तोंडाची वाफ सोडून ते पुसत होता, लहान पोराने पाटी पुसावी तसा. ती चुलीकडे वळली.

बोट ओढून आणली त्या दिवशी विनीत दोघांना होडीने बघायला घेऊन गेला. किशोरीने गवयला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. एवढं जिच्याविषयी ऐकलं ती ही? रंग पोपडून उडालेला, जागोजागी गंजाचे ओघळ, जसे रडून रडून गालावर राहावेत. तोफा काढून नेलेल्या, त्यांच्या जागी भोकं. नाव खरवडून टाकलेलं. आणि तोंड? दर किनाऱ्यावर उघडणारं, निकोबारला कोंबड्यांसकट माणसं पोटात घेणारं ते तोंड लोखंडाच्या पट्ट्या मारून, वेल्डिंग करून, कायमचं बंद केलेलं.

लवूने होडीतून वाकून बोटीच्या अंगाला तळहात लावला. हात तांबडा झाला. तो रडायला लागला, आवाज न करता, खांदे हलवत.

किशोरीला त्याची माया आली. आणि त्या मायेतूनच संतापही वर आला, एकट्या लवूवर नव्हे, सगळ्यांवर. “तोंड शिवल्यानी मेल्यांनी,” ती पुटपुटली. “आख्खो जल्म राबवल्यानी. मरताना तरी तिका ऱ्हवाक जागा तिच्या खोल पाण्यात देवा. हिकाय तमाशाक बसवतत, नि हिच्या निमतान आमकाय उठवतत.”

“काय म्हणतंस?” लवूने विचारलं.

“काय नाय,” ती म्हणाली. रडणाऱ्या माणसाला काय सांगायचं? तिने पदराने त्याचा हात पुसला. गंज पदराला लागला तो नंतर धुतल्यावरही निघाला नाही.

सभा किनाऱ्यावरच ठेवली होती. मांडव, खुर्च्या, गार पाण्याच्या बाटल्या. मागे मोठा फलक: निळ्या पाण्यात गवय, तिच्याभोवती कुरलेवाडीत कधी कुणी न पाहिलेले रंगीत मासे, आणि कोपऱ्यात तरुण लवू, नेव्हीच्या टोपीत. खाली लिहिलेलं, ‘भूमिपुत्राची बोट, भूमिपुत्रांच्या किनारी’. वाटेकरी उन्हात उभे, फलक सावलीत.

प्रकल्पाच्या मॅडम गोड बोलणाऱ्या होत्या. “तुमची ही दोरावर हात ठेवायची परंपरा किती सुंदर आहे! आपण ती चित्रित करणार आहोत. बोटीजवळ जे माहितीकेंद्र होईल ना, तिथे ही फिल्म कायम दाखवू.”

म्हणजे रापण बंद, आणि रापणीचं चित्र चालू. किशोरीला वाटलं, कुणीतरी उठून हे बोलेल. कुणी उठलं नाही. पुढे बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांनी दोरही आणला होता, नवा, पांढराशुभ्र, त्याला झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या. दत्तारामने तो बाजूला सारला. “ह्यो तुमच्या फोटोक ठेवा, मॅडम. आमचो दोर आमी हाडलेलो आसा.” आणि त्याने काळपट, घामामिठाने कडक झालेला दोर वाळूवर आडवा टाकला. मागे बाया खुसखुसल्या. मॅडमही हसल्या. त्यांना तो जुना दोर जास्त आवडला, म्हणाल्या, कॅमेऱ्यात छान दिसेल.

मग लवूला माईक दिला. मेडलं उन्हात चमकली.

“माका भाषण येणा नाय,” तो म्हणाला. “मी बोटीवरचो माणूस. पयली मुदत संपली तेवा माका वाटला, आता घराक जावया. म्हादूकाकान माज्यासाटी होडी ठेवलेली. पण हुकूम इलो, ऱ्हव. ऱ्हवलंय. बायल हयसर, पोर हयसर, जीव हयसर, नि मी थंय. देशान मागितला ता दिला. आता गवो थोडी वाळू मागता. तेका तरी कोणी इचारल्यान, खंय मरतलंस म्हणान? तेकाय हुकूमच. तुमीय जरा सोसा. हुकमाफुडे आपला काय चलता?”

टाळ्या पडल्या. म्हाताऱ्यांचे डोळे ओले झाले. विनीत बापाकडे अभिमानाने बघत होता. जो शब्द किशोरीने इतकी वर्षं पुरून ठेवला होता, तो हा माणूस उकरून आणून साऱ्या वाडीच्या गळ्यात बांधत होता. स्वतः मोकळा राहिलेला माणूस दुसऱ्यांना सांगत होता, सोसा.

“वाटेकऱ्यांनी दोराक हात लावचो,” दत्ताराम म्हणाला. त्याचा आवाज पडलेला.

लवू गुडघे सांभाळत सगळ्यांत आधी वाकला. त्याचा हात पडला, आणि दत्ताराम म्हणाला होता तसंच, एकामागून एक बाकीचे हात पडले. कुणी समुद्राकडे बघत, कुणी स्वतःच्या पायांकडे. कॅमेरावाला वाकून ते हात टिपत होता.

किशोरी बायांमधून उठली. वाळूतून चालत आली, लवूच्या शेजारी उकिडवी बसली आणि त्याच्या हाताला लागूनच आपला हात दोरावर ठेवला. पसरट, गाठी आलेला, कडेला पांढऱ्या घट्ट्यांचा हात.

“काकी?” दत्ताराम म्हणाला.

“तोडणकराच्या वाट्याचो ह्यो हात,” ती म्हणाली, “नि ह्यो मी उचलतंय.” आणि तिने उचलला.

मांडवात कुजबुज झाली. मॅडम मागे वळून कुणाला तरी विचारू लागल्या, “काय झालं? या कोण?”

विनीत धावत आला. “आये, काय करतंस? बस गो थंय जावन.”

“तुज्या खोल्यांक पावणे येतले रे,” ती म्हणाली. “गवो खडपाच्या भायर बुडलो तरी येतले. भिणाऱ्यांका तू हात धरून ने.”

“ह्या वाट्याचे हात दोन झाले,” दत्ताराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “एक दोरार, एक वयर. वाटो एक, हात एक. मी कोणचो धरू?”

“नाव माजा आसा,” लवू म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता.

“नि ओढलो कोणी, तेका इचार!” मागून स्वप्ना ओरडली. बाया एकदम बोलायला लागल्या. “व्हय, व्हय, ओढलो कोणी?” “एक दीस तरी दोराक हात लावलेलो आसा तेंनी?” पुढचे दोघे-तिघे पुरुष दोरावरचा हात न काढता मान वळवून बघू लागले.

लवूचं तोंड लाल झालं. इतक्या माणसांत, त्या फलकासमोर, मेडलं छातीवर असताना. “गप ऱ्हवा गो!” तो म्हणाला. “मी काय मजा मारूक गेललंय? मी नव्हतंय, कारण माका हुकूम होतो! देशाच्या कामार होतंय. माका सोडल्यानी असते तर ह्यो दोर मीच ओढतलंय होतंय. तिना ओढल्यान तो माज्या बदलीचो हात. माज्या बदलीचो!”

बाया थांबल्या. ते खरंच होतं, वाडीने ते कायम खरंच मानलं होतं. देशाच्या कामावर गेलेल्याचा वाटा त्याचाच. दत्तारामनेही मान हलवली आणि किशोरीकडे असं पाहिलं, जणू माफी मागत होता.

किशोरी उकिडवीच बसून होती. नवऱ्याचा चेहरा तिच्या अगदी जवळ होता. कपाळावर घाम होता. त्या चेहऱ्याची तिला दया आली. आजवर दरवेळी ह्या दयेपाशीच ती थांबली होती.

“हुकूम नव्हतो,” ती म्हणाली. माईक लांब होता, पण सगळीकडे इतकं शांत झालं होतं की शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. “कमांडरान तुमका घराक जा म्हणान सांगितल्यान. तुमीच मागून घेतलास. परबभावजी आपल्या ओसरीर जेवाक बसलेले, तेवा सांगान गेले. तेच्यामागसून जेवढो दोर ओढलंय, तो मी तुमच्या बदलीचो नाय ओढलंय, माजो म्हणान ओढलंय. काढा तो हात. तुमका सोडीत होते. तुमकाच घराक येवचा नव्हता.”